खांद्याच्या ऑपरेशननंतर अंगात काय घालायचं, कसं घालायचं?

मृदगंध:
नमस्कार मंडळी. आईच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलंय. मागच्या दारच्या ओल्या पायरीवरून घसरली, हात टेकला आणि खांद्याच्या आतला स्नायूबंध हाडापासून सुटला. रोटेटर कफ म्हणतात तो. दुर्बिणीतून शिवणार आहेत. पुढे ६ आठवडे हात पाऊचमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवायच्या झोळीत, कोपर आणि कंबर यांच्यामध्ये बांधलेली उशी, आणि हात स्वतःहून जरासुद्धा उचलायचा नाही. गोळ्या, व्यायाम, टाके, शेक, सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं. कपड्यांचं विचारलं तर "सैल आणि समोरून उघडणारे घाला", एवढंच.

आई ६४ वर्षांची आहे. लग्न झाल्यापासून साडीच. गाऊन घालते, पण फक्त झोपायच्या वेळी. आणि सांगलीत आमच्या गल्लीत कुणी दवाखान्यातून घरी आलं की भेटायला रीघ लागते. आईचं म्हणणं एकच आहे : "दुखणं मी सोसेन, पण बाहेरच्या खोलीत माणसांसमोर गाऊनवर बसणार नाही." कुणाला हा हट्ट वाटेल, मला वाटत नाही. दिवसभर ज्या कपड्यात अवघडल्यासारखं होतं त्यात माणूस लवकर बरं होत नाही असं मला मनापासून वाटतं.

तर प्रश्न असे. ब्लाऊजचं काय करायचं? परकराची नाडी एका हाताने, तीही डाव्या, कशी बांधायची? आतल्या कपड्यांचं काय? पहिले पंधरा दिवस मी आहे, पुढे घरात आई आणि बाबा दोघंच. बाबांनी आजवर आईच्या ब्लाऊजचा हूक कधी लावलेला नाही, पण "मला दाखव, मी शिकतो" म्हणालेत. ऑपरेशनला अजून ३ आठवडे आहेत, तेव्हा काही शिवून घ्यायचं असेल तर वेळ आहे. ज्यांनी स्वतः भोगलंय किंवा घरात केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सुईदोरा:
ताई, आधीच विचारलंत हे फार बरं केलंत. माझं साताऱ्यात शिवणकामाचं दुकान आहे. हात-खांदा दुखावलेल्या बायकांचे ब्लाऊज माझ्याकडे बऱ्याचदा येतात, पण बहुतेक ऑपरेशन झाल्यावर, घाईघाईत. माप घ्यायला बाईला हातही वर करता येत नसतो तेव्हा.

नवीन काही शिवू नका. आईंचे जुने, धुऊन धुऊन मऊ पडलेले सुती ब्लाऊज काढा. नव्या कापडाची खळ काखेत टोचते, आणि त्या काखेला ६ आठवडे नीट वारा लागणार नाही. चार-पाच ब्लाऊज पुरेत. अस्तराचे, सिल्कचे, मागून हूकवाले बाजूला ठेवा.

आता उघडायचं कुठून? बरेच जण बगलेची शिलाई उसवतात, कारण ती सोपी, कमरेपासून काखेतून बाहीच्या टोकापर्यंत सरळ जाते. मी तसं करत नाही. बटणं मग नेमकी काखेत आणि पाऊचच्या उशीखाली येतात, तिथे घाम, तिथेच घासणं. खांद्यावरून उघडा. गळ्यापासून खांद्याची शिलाई उसवायची आणि तशीच सरळ बाहीच्या मधोमध शेवटपर्यंत कापायची. दोन्ही कडांना दोन बोटं रुंदीची पट्टी लावायची. खालची पट्टी जास्त रुंद, म्हणजे बटणाचा मागचा भाग कातडीला लागत नाही. त्यावर चपटी प्लास्टिकची टिचबटणं. धातूची नकोत, फुगीर तर मुळीच नकोत, वर पाऊचचा पट्टा दाबून बसतो.

वेलक्रो लावायचं असेल तर सलग लांब पट्टी लावू नका. ओढून काढताना जो झटका बसतो तो खांद्याला जाणवतो. बोटाच्या पेराएवढे सुटे तुकडे लावा. खरखरीत बाजू नेहमी कातडीपासून दूर, आणि धुवायच्या आधी सगळी लावून टाका, नाहीतर बाकीच्या कपड्यांचे धागे ओढले जातात.

उजव्या मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, एक कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा टाका, आणि आत शिलाईला जी माया असते ती दोन्ही बाजूंनी सोडवून घ्या. ब्लाऊज ढगळ दिसेल, दिसू दे, वर पदर येणारच आहे. समोरचे हूक काढून तिथेही टिचबटणंच. हुकाला दोन्ही बाजू ओढून धराव्या लागतात, टिचबटण छातीवर टेकवून एका अंगठ्याने दाबता येतं. हल्ली चुंबकाची बटणंही मिळतात आणि एका हाताला ती सगळ्यात सोपी, पण पेसमेकर असलेल्या माणसाच्या छातीवर ती चालत नाहीत. तसं काही असेल तर विसरू नका.

परकराच्या नेफ्यात नाडीऐवजी दीड इंची इलास्टिक घाला. अरुंद घातलं तर निऱ्यांच्या ओझ्याने परकर खाली येतो.

आणि साडी. साडी बंद करायचं काही कारण नाही. दोन-तीन हलक्या सुती साड्यांच्या निऱ्या घालून त्या वरून चार बोटं धावदोऱ्याने पक्क्या करा आणि कमरेला पट्टी लावून डाव्या बाजूला मोठा हूक द्या. घागऱ्यासारखी गुंडाळायची, हूक लावायचा, पदर डाव्या खांद्यावर. आईंचा उजवा खांदा आहे म्हणजे पदराचा खांदा मोकळाच आहे. साडीला कात्री लागत नाही, बरं वाटल्यावर धावदोरा उसवला की साडी पुन्हा होती तशी.

पाऊलवाट:
माझा अनुभव पुरुषांच्या बाजूने. डावा खांदा वारंवार निखळायचा, कबड्डीची देणगी. शेवटी ऑपरेशन केलं. टी-शर्ट पहिले दोन महिने विसरा. डोक्यातून घालायचं काहीही नको, बनियनसुद्धा नको. मी अर्ध्या बाहीचे, दोन मापं मोठे सुती शर्ट घेतले आणि आत काहीच घातलं नाही.

पँटचं कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. जीन्सचं बटण एका हाताने लागतं, पण संडासात घाईच्या वेळी ते उघडणं हे खरं संकट. इलास्टिकची सैल पँट, नाडी काढून टाकलेली. घरात लुंगी नेसणाऱ्यांसाठी वेलक्रोचा पट्टा असलेली लुंगी मिळते, माझ्या वडिलांना त्यांच्या ऑपरेशननंतर ती आणली होती. साधी लुंगी एका हाताने घट्ट बसत नाही.

बूट लेसवाले नकोत, पण घसरत्या सपाताही नकोत. मागे पट्टा असलेल्या सँडल घ्या. ओल्या फरशीवर पुन्हा पडणं परवडणारं नाही.

मृदगंध:
सुईदोरा, तुम्ही लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. धावदोऱ्याचं ऐकून तिचा चेहरा खुलला. आजच तिने कपाटातून ब्लाऊज काढून पलंगावर मांडलेत. खांद्यावरून उघडायचं ठीक, पण ऑपरेशनच्या जखमा कुठे असतात? बटणं त्यांच्यावर तर येणार नाहीत ना?

मनगट:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये छोटी छिद्रं असतात, साधारण खांद्याच्या मागे, बाजूला आणि पुढे. गळ्यापासून खांद्याच्या माथ्यावर येणारी बटणं सहसा त्रास देत नाहीत. बाहीच्या सुरुवातीचं एक बटण बाजूच्या छिद्राजवळ येऊ शकतं. तेवढी जागा टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, बटणाविना सोडा.

आता मुख्य गोष्ट. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. हे प्रत्येक वेळी, रात्री झोपेत असलात तरी. कारण असं की कपड्यात जी ढिलाई असते ती पहिल्या हाताला मिळते. दुसऱ्या हाताला मागे वळून, वर होऊन, वाकून आत शिरावं लागतं, आणि ते काम चांगल्या हातानेच करायचं.

दुसरं, कपडा हाताकडे न्यायचा, हात कपड्याकडे न्यायचा नाही. मदत करणारा माणूस प्रेमापोटी हात धरून वर उचलतो आणि बाहीत घालतो. तसं करू नका. आईंना हात नसलेल्या खुर्चीवर बसवा. समोर टेबल, त्यावर उशी. पाऊच सोडायच्या आधी दुखऱ्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग उशीवर टेकलेला हवा. मग पट्टे सोडायचे. बाबांनी बाहीची आधी गोळा करून वळी करायची, आपला हात बाहीच्या टोकातून आत घालून आईंची बोटं हलकेच धरायची आणि बाही त्यांच्या हातावरून वर सरकवत खांद्यापर्यंत न्यायची. बाही पूर्ण खांद्यावर बसली की मगच ब्लाऊज पाठीमागून फिरवून डाव्या हाताकडे. सुईदोरा यांच्यासारखी उघडी बाही असेल तर आणखी सोपं, खालून घ्यायची आणि वर टिचबटणं लावायची. शेवटी पाऊच, तो नेहमी कपड्याच्या वरून. खाली कापडाची चुणी राहिली तर ती आता कळत नाही, तासाभराने टोचते, म्हणून हात फिरवून सपाट करा.

हे सगळं होताना आईंनी खांद्याचा एकही स्नायू वापरायचा नाही. कफ शिवलेला असतो, पण तो हाडाला धरायला साधारण १२ आठवडे घेतो. पहिल्या दिवसांत दुखणं कमी झालं की माणसाला वाटतं हात बरा झाला, आणि नेमका तेव्हाच पदर सावरायला हात नकळत वर जातो. बोटं, मनगट मात्र दिवसातून अनेकदा हलवायची, सूज उतरते. कोपर सरळ करायचं ते डॉक्टरांना विचारून. दंडाच्या पुढच्या स्नायूचंही काम केलं असेल तर तिथे वेगळी बंधनं असतात.

काखेची स्वच्छता. उभं राहून चांगल्या हाताने टेबलाचा आधार घ्यायचा, कमरेतून पुढे वाकायचं, दुखरा हात सैल लोंबू द्यायचा. काख आपोआप उघडते, हात उचलावा लागत नाही. त्याच स्थितीत ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. मग जुन्या लुगड्याची मऊ घडी काखेत ठेवा आणि दिवसातून दोनदा बदला. पावडर नको, जखमेच्या आसपास तर नाहीच. बाहीसुद्धा याच स्थितीत चढवता येते, आईंना चक्कर येत नसेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर. आम्ही हात लोंबता ठेवून झोके देण्याचा जो व्यायाम देतो तो याच तत्त्वाचा, बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनच्या नावाने ओळखला जातो.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो, इतकं कशाला? समोरून चेनचा गाऊन, वर ओढणी, संपलं. ६ आठवड्यांचा तर प्रश्न आहे. माझ्या बहिणीने तसंच केलं आणि तिचं काही अडलं नाही. बदलाबदलीत हात जास्त हलेल.

जाईजुई:
कृष्णाकाठ, तुमच्या बहिणीला चाललं हे चांगलंच, पण सगळ्यांना चालेल असं नाही. मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून लिहिते.

वय ६९. पडून दंडाच्या वरच्या टोकाचा चुरा झाला आणि सांधा बदलावा लागला. उलटा सांधा म्हणतात, म्हणजे गोल भाग खांद्याच्या फऱ्याकडे आणि वाटी दंडाकडे. त्यात हात पाठीमागे नेण्याची सक्त मनाई होती, सांधा निसटू शकतो म्हणून. साधारण ३ महिने. आता विचार करा, बाईच्या कपड्यांत मागे हात न नेता काय होतं? आतल्या कपड्याचा हूक मागे, साडी मागून खोचायची, परकर मागून वर ओढायचा, पदर मागून पुढे घ्यायचा. सगळी कामं पाठीमागे.

मी गाऊनमध्येच होते पहिला आठवडा. कुणी आलं की आत जाऊन पडायचे. सून म्हणायची, "आई, बाहेर या ना." मला जाववत नव्हतं. मग तिने एक दिवस माझ्या मोतिया रंगाच्या सुती साडीच्या निऱ्या शिवून आणल्या आणि मी दुपारभर बाहेर येऊन बसले. जेवले त्यांच्याबरोबर. त्या दिवसापासून व्यायामालाही उठायला लागले. म्हणून मृदगंध, तुमच्या आईंचं ऐका.

आतल्या कपड्यांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून स्पष्ट लिहिते. पहिले काही दिवस काहीही घालू नका, सुती ब्लाऊज आणि वर पदर पुरेसा आहे. पण वजनदार छाती असेल तर आधाराविना तेही खांद्याला ओढ देतं, आणि घामाने खाली कातडी सोलवटते. मऊ सुती स्लिप घ्या, गळा मोठा आणि कडेला ताणली जाणारी. ती डोक्यातून घालायची नाही. जमिनीवर ठेवून दोन्ही पाय आत टाकायचे आणि परकरासारखी वर ओढायची. चांगल्या खांद्यावरचा बंद वर, दुखऱ्या बाजूचा बंद काखेखालीच सोडून द्यायचा. पुढे मग समोरून हूक असलेली ब्रा मिळते ती. नेहमीचीच वापरायची असेल तर हूक पोटावर लावून फिरवायची सवय अनेकींना आहे, पण एका हाताने फिरवताना शरीर पिळवटतं. मी नाही केलं.

चड्डीसुद्धा बसून गुडघ्यापर्यंत, मग उभं राहून एका हाताने उजवीकडून थोडी, डावीकडून थोडी, पुन्हा उजवीकडून. मागे हात घालून ओढायची नाही. एक माप मोठी घ्या. मोरीत भिंतीला धरायला दांडा चांगल्या हाताच्या बाजूला बसवून घ्या, आणि संडासातला जेट कुठल्या बाजूला आहे तेही आधी बघा. आमच्याकडे तो हलवावा लागला.

कृष्णाकाठ:
जाईजुई, तुमचं पटलं. माझी बहीण घरात तशीही गाऊनमध्ये असते, त्यामुळे तिला काही वेगळं करावं लागलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एक भर घालतो. ऑपरेशनला जाताना बांगड्या, अंगठ्या घरीच काढून ठेवा. नंतर बोटं आणि मनगट सुजतं. बहिणीच्या पाटल्या साबण लावून आदल्या दिवशी काढल्या. लांब मंगळसूत्र पाऊचच्या वेलक्रोत अडकतं, तेव्हा आखूड घालायचं.

मनगट:
जाईजुई यांनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्याला जोडून, प्रत्येक ऑपरेशनची मनाई वेगळी असते आणि दुसऱ्याची पद्धत आंधळेपणाने उचलू नये. कफ शिवला असेल तर हात स्वतःच्या ताकदीने उचलायचा नाही. उलटा सांधा असेल तर पाठीमागे न्यायचा नाही. पाऊलवाट यांच्यासारखं निखळणाऱ्या खांद्याचं असेल तर हात बाजूला उचलून बाहेर वळवायचा नाही, म्हणजे डोक्यामागे हात नेऊन केस बांधतो ती हालचाल. घरी जाण्याआधी डॉक्टरांना थेट विचारा, "कुठली हालचाल किती आठवडे बंद?" आणि ते कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा, म्हणजे मदत करणाऱ्या प्रत्येकाला दिसेल.

पहिल्या रात्रीबद्दल. हात बधिर करण्याचं इंजेक्शन मानेजवळ दिलेलं असतं, त्याचा अंमल बऱ्याचदा १२ ते २४ तास राहतो. त्या वेळात हात आपला नसल्यासारखा असतो. कपड्याची घडी रुतली, बोट पट्ट्यात अडकलं, काही कळत नाही. म्हणून त्या रात्री डोळ्यांनी बघून कपडा नीट करा. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सांध्यात पाणी सोडतात, ते दिवसभर छिद्रांतून थोडं थोडं गळतं. गुलाबीसर पाण्याने कपडा भिजला तर घाबरू नका. पहिल्या रात्रीसाठी जुना गडद रंगाचा कपडा आणि खाली जुना टॉवेल. पण ताजं लाल रक्त वाहत असेल, नंतर पू किंवा ताप आला, बोटं निळी-गार पडली, किंवा इंजेक्शनचा अंमल उतरूनही बधिरपणा गेला नाही, तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन.

उत्तरवारा:
अमेरिकेतल्या मिनेसोटातून. माझं कफचं ऑपरेशन ऐन जानेवारीत झालं. इथे त्या दिवसांत कोटाशिवाय दारातून बाहेर पाय टाकता येत नाही आणि कोट कुठल्याच खांद्यावर चढत नव्हता. आईने येताना आणलेली सोलापुरी चादर कामाला आली. तिच्या मध्यभागी भोक पाडायला मन होईना, म्हणून दुमडून खांद्यावर घेतली आणि समोर मोठी पिन. आतून पुढच्या चेनचं सैल स्वेटर, चांगला हात बाहीत, दुखरा हात आतच पाऊचमध्ये, रिकामी बाही खिशात खोचलेली. दवाखान्यात जाण्यापुरतं छान झालं.

इथे ऑपरेशनच्या आधीच ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं कशी करायची ते शिकवणाऱ्याने, बोलावून घरातले कपडे आणायला सांगितले आणि प्रत्येक कपडा घालून-काढून दाखवला. चांगल्या हाताने, दुसरा बांधून ठेवून. मृदगंध, ही तालीम घरीही होते. आईंचा उजवा हात आत्ताच ओढणीने पोटाशी बांधा आणि बाबांना करू द्या. काय अडतंय ते आत्ता कळेल.

अक्षयतृतीया:
माझ्या आजोबांचा छोटा प्रश्न. डावा खांदा आहे आणि जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. बदलताना, स्नानानंतर, हात त्यातून काढावा लागतो. ते काढून ठेवायला तयार नाहीत.

सुईदोरा:
माळेसारखं गळ्यात घालू द्या. तशी पद्धत आहेच, निवीत म्हणतात. आमच्या ओळखीच्या गुरुजींनी त्यांच्या खांद्याच्या वेळी तसंच केलं. लांब असेल तर आखडून घ्या, म्हणजे पाऊचमध्ये गुंतणार नाही.

एकटी_चिपळूण:
मी एकटी राहते. मदतीला सकाळी एक बाई येतात, तेवढंच. माझ्यासारखीने काय करावं? आणि आमच्याकडे पावसात कपडे वाळत नाहीत.

मनगट:
बाई येतात त्याच वेळेला कपडे बदलायचे, दिवसातून एकदाच. २४ तास चालेल असाच कपडा निवडा. समोरून उघडणारा सुती कुर्ता आणि इलास्टिकचा पायजमा हे झोपायलाही चालतं, बाहेर यायलाही. पाऊच एकटीने सोडायची वेळ आली तर बसून, हात उशीवर टेकवून. उभ्याने कधीच नाही. अंगावर चढवायचा कपडा आधीच खुर्चीच्या पाठीवर, दुखऱ्या बाजूची बाही वर येईल असा मांडून ठेवा.

झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट बसायचं, आणि कोपराच्या मागे टॉवेलची गुंडाळी. झोपल्या झोपल्या स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर हात मागे पडलाय. गाऊन किंवा कुर्ता अंगाखाली गोळा होऊन खांदा ओढत नाही ना, तेही बघा.

जाईजुई:
चिपळूणच्या ताई, पावसाळ्यासाठी पातळ मलमलचे कुर्ते घ्या, पंख्याखाली रात्रीत वाळतात. पाऊचसुद्धा दोन घ्या, एक धुवायला. आणि मानेवर जिथे पट्टा येतो तिथे सुती रुमालाची घडी. माझी मान तिथे लाल झाली होती.

मृदगंध:
खूप दिवसांनी येतेय. आईचं ऑपरेशन झालं, घरी आली, टाकेही निघाले. सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून बसून लिहिते.

उत्तरवारा यांनी सुचवलेली तालीम आम्ही आदल्या आठवड्यात केली आणि तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. बाबांना बाही गोळा करून आपला हात आतून घालायचा हे पटेना, ते बाहीचं तोंड धरून पुढे करत होते, लहान मुलाला घालतात तसं. मग मी त्यांच्या हातावर करून दाखवलं. आता ते माझ्यापेक्षा चांगलं करतात. आईची बोटं आतून धरतात, बाही इंच इंच वर नेतात, आणि कोपराशी आली की थांबून विचारतात, "ओढ बसतेय का?" तिने मान हलवल्याशिवाय पुढे नाही. टिचबटणं मात्र गळ्याकडून लावायला सुरुवात करायची हे आम्हाला करता करता कळलं. बाहीकडून सुरू केलं की शेवटी गळ्याशी एक बटण जास्त उरतं.

पहिली रात्र आणि पुढचा दिवस गडद गाऊनमध्येच काढला, गुलाबी पाणी खरंच आलं. तिसऱ्या दिवशी शिवलेल्या निऱ्यांची साडी. दीड इंची इलास्टिक निऱ्यांना पुरतं, पण साडीची पट्टी आईला बसल्यावर पोटावर काचते, म्हणून जेवणानंतर हूक एक घर मागे. सुईदोरा, पट्टीला दोन हूक लावून घेतले तर बरं पडेल, इतरांना सांगा.

भेटायला येणाऱ्या बायका साडी बघून विचारतात, "नेसवली कुणी?" आई बाबांकडे बोट दाखवते.

काखेची घडी, वाकून पुसणं, सगळं चालू आहे. पाऊच अजून आहे. कपाटाच्या दारावर मनगट यांनी सांगितलेला कागदही आहे. आता एक नवीन प्रश्न. पुढच्या आठवड्यात तपासणीला मिरजेला जायचंय, मोटारीने. सीटबेल्टचं काय?

पाऊलवाट:
उजवा खांदा आहे ना, मग आईंना डाव्या बाजूच्या सीटवर बसवा, पुढे किंवा मागे. तिथला पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. माझा डावा होता म्हणून मी ड्रायव्हरच्या मागे बसायचो, तिथे तो उजव्या खांद्यावरून येतो. पाऊच काढायचा नाही, आणि पट्टा लावल्याशिवाय बसायचं नाही. मांडीवर उशी, तिच्यावर हात. खड्डे चुकवायला सांगा.

रानजाई:
हा धागा आज सापडला. माझ्या आत्याचा डावा खांदा आहे, पदराचाच. सुईदोरा, तुमच्या युक्त्या डाव्यासाठी कशा वापरायच्या? आत्याही साडी सोडायला तयार नाही.

सुईदोरा:
ब्लाऊजचं सगळं तसंच, फक्त डाव्या बाजूला. पदरासाठी गुजराती पद्धत करा, पदर पाठीमागून उजव्या खांद्यावर आणून पुढे सोडायचा. चांगल्या खांद्यावर भार, दुखऱ्या खांद्यावर पिनसुद्धा नाही. निऱ्या शिवताना मात्र पदराकडची बाजू त्या हिशोबाने आधी मोजून घ्या, आणि हूक उजव्या बाजूला द्या, म्हणजे आत्यांच्या चांगल्या हाताला तो समोर सापडेल. साडी नायलॉनची किंवा जड काठाची नको. मृदगंध यांनी सांगितल्याप्रमाणे हूक दोन. आत्यांच्या कमरेचं माप बसून घ्या, उभ्याने नको.